मोजणारा मोजणीत नसतो

त्याला सगळे शेपूट म्हणायचे. रांगेत सगळ्यात मागे चालायचा म्हणून. त्यात चिडण्यासारखं काही नव्हतं. "शेपूट नसेल तर तुकडी कुठे संपली ते कळणार कसं?" असं उस्ताद, म्हणजे सैन्यातले त्यांचे प्रशिक्षक, पहिल्याच दिवशी म्हणाले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त हजेरीच्या कागदावर उरलं होतं.

शेपटाचं काम एकच. मोजायचं.

तुकडी आठ जणांची. कुठेही थांबा घेतला की पुन्हा निघायच्या आधी शेपटाने मागून पुढे चालत जायचं, प्रत्येकाच्या डाव्या खांद्यावर हात ठेवायचा, मोठ्याने आकडा म्हणायचा. एक, दोन, तीन. सगळ्यात पुढच्यापाशी पोचला की उस्तादांना सांगायचं, "सात, उस्ताद!" मग पळत आपल्या जागी. आठातला एक तो स्वतः, म्हणून उत्तर सात. आठ आलं तरी चूक, सहा आलं तरी चूक.

"मोजणारा मोजणीत नसतो," उस्तादांनी हे वाक्य त्याच्याकडून वीस वेळा वदवून घेतलं होतं. "का माहितीये? झोप नसली की माणूस लबाड होतो. मुद्दाम नाही, आपोआप. एक कमी पडला की स्वतःलाच धरतो आत. आकडा जुळतो. आणि आकडा जुळला की डोकं म्हणतं, चला, झालं."

"उस्ताद, इतकं येडं कोण असेल?" वकील म्हणाला होता. हा खरा वकील नव्हे. प्रत्येक गोष्टीवर उलट प्रश्न करायचा म्हणून वकील. "स्वतःला कोण मोजेल?"

"गुरुवारी सांगतो," उस्ताद म्हणाले.

तो रविवार होता, शेवटच्या परीक्षेचा आदला दिवस. सोमवारी पहाटे निघायचं, गुरुवारी दुपारी दोनच्या आत परत तंबूपाशी यायचं. चालायचं, खड्डे खणायचे, तेच खड्डे बुजवायचे, वाळूची पोती स्ट्रेचरवर घालून टेकडी चढायची. झोप नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, दिवसातून एकदा वीस मिनिटं मिळायची. तहानलेल्याच्या जिभेवर ओला बोळा फिरवावा तशी. आणि नियम असा की आठ निघाले तर आठ पोचले पाहिजेत. एक जरी मागे राहिला तरी सगळी तुकडी नापास. पुढच्या बॅचबरोबर पुन्हा पहिल्यापासून, चार महिने, आणि सुट्टी रद्द.

सुट्टीचंच तर सगळं होतं. त्याच्या ताईला मुलगी झाली होती, चार महिन्यांची झाली तरी मामाने तोंड पाहिलं नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी त्याने फोन केला तेव्हा ताई जांभया देतच बोलत होती.

"चार दिवस झोपायचं नाही म्हणे. मग पदक देतात का रे?"

"पास करतात."

"बघ की. तुमच्या चार दिवसांचा एवढा बाऊ, आणि आमच्या चार महिन्यांना कोणी चहासुद्धा विचारत नाही. तुझे भावजी तर असे घोरतात की पोरीला वाटतं घरात कोणी गिरणी लावलीय." मग हसली, आणि एकदम आवाज उतरला तिचा. "काल काय झालं माहितीये? अर्धा तास थोपटत बसले होते. गाणं म्हणत. आई आली आणि म्हणाली, अगं उशीला काय थोपटतेस? पोर पलीकडे रडून लाल झालेलं. मला ऐकूच नाही आलं. मला वाटलं झोपली, किती गुणी."

"कमाल आहे."

"हसू नकोस. तुला कळेल."

तो हसला नव्हता खरं तर. पण ती म्हणाली म्हणून हसला.

पहिला दिवस मजेत गेला. आठ तरणीताठी पोरं, एक रात्र जागणं म्हणजे काय. सगळ्यात जास्त मजा आणायचा तो कंडक्टर. हा भरती व्हायच्या आधी खरोखर बसवर कंडक्टर होता, तीन वर्षं. रांगेत तो सातवा, म्हणजे शेपटाच्या अगदी पुढचा. मोजताना पहिला हात त्याच्याच खांद्यावर पडायचा. हात पडला की हा जीभ टाळ्याला लावून आवाज काढायचा, "टिंग टिंग." डबल बेल. म्हणजे चला. तो आवाज इतका हुबेहूब की पहिल्या वेळी पैलवानाने दचकून मागे पाहिलं होतं.

"एक."

"टिंग टिंग."

मग दोन, तीन, आणि शेवटी सात. दिवसातून पंधरा वेळा तरी.

दुसऱ्या दिवशी भांडणं झाली. कशावरून ते कोणालाच आठवत नव्हतं. पैलवानाने वकिलाची गचांडी धरली, कारण वकील श्वास जोरात घेतो. वकील म्हणाला, मग काय हळू घेऊ? त्यावर पैलवान खरोखर विचार करत उभा राहिला. हात गचांडीवरच. मग दोघंही तसेच, एकमेकांना धरून, उभ्या उभ्या पेंगले. उस्तादांनी दोघांच्या मधे शिट्टी फुंकली.

रोज दुपारी डॉक्टर मॅडमचं टेबल लागायचं. मॅडम सैन्याच्याच, पण त्यांना पळापळीशी घेणं-देणं नव्हतं. झोप नसली की माणसाचं काय होतं हे त्या लिहून ठेवायच्या. कुठेही असू, रोज एकदा त्यांची जीप यायची, घडीचं टेबल उघडायचं, आठ कागद, आठ पेन्सिली. कागदावर अक्षरांच्या ओळी, त्यातलं एकच अक्षर शोधून खोडायचं. मग तीन आकड्यांच्या बेरजा. आणि सगळ्यात खाली एक प्रश्न : तुमच्या तुकडीत आत्ता किती जण आहेत?

"हा काय फुकटचा मार्क, मॅडम?" वकिलाने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"फुकटचा आहे तोवर घ्या," मॅडम म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी बेरजा करताना शेपटाला आकडे सरकताना दिसले. मुंगीसारखे. त्याने बोटाने धरून ठेवले आणि मग बेरीज केली. खाली "आठ" लिहिलं. ते सोपं होतं.

त्या दिवसापासून त्याला मावशीही दिसायला लागली. त्याची मावशी, रस्त्याच्या कडेला शिलाई मशीन घेऊन बसलेली. पाय मारतेय, कापड पुढे सरकतंय. जवळ गेलं की झुडूप व्हायचं. त्याला भीती वाटली नाही. त्याला काहीच वाटलं नाही, हेच थोडं विचित्र होतं, पण विचित्र वाटायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं. मावशी आली की तो मनात म्हणायचा, बस, मावशी. आणि पुढे जायचा. पुढे म्हणजे काय, तर समोरच्या बॅगेवरची पांढरी पट्टी. प्रत्येकाच्या बॅगेवर मागे हातभर पांढरी पट्टी शिवलेली असते, मागच्याने तेवढी बघत चालायचं. कंडक्टरची पट्टी तिरकी होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपासून शेपटाच्या जगात एवढंच होतं. एक तिरकी पांढरी पट्टी, वर खाली, वर खाली.

"घरी म्हणायचे, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा," कंडक्टर चालता चालता मागे न बघता म्हणाला. "आता कळलं. धोंडा दे रे कोणीतरी. उशाला घेतो."

"गप चाल."

"बसमधे उभ्याने झोपायचो मी. दांडीला हात अडकवून. स्टॉप आला की आपोआप जाग यायची. आपोआप. एकदाही चुकलो नाही." थोडं थांबला. "इथे दांडी नाहीये ना. तीच बोंब आहे."

हे त्याचं शेवटचं धड वाक्य. त्यानंतर कोणीच कोणाशी बोललं नाही.

गुरुवारी ऊन असं पडलं होतं की डोळ्यांत मीठ टाकल्यासारखं. साडेबाराच्या सुमाराला शेवटचा थांबा आला, गाड्यांच्या तळावर. तळ म्हणजे मोकळं मैदान, कडेला दोन पत्र्याच्या शेड, चार ट्रक आणि पाण्याचा एक टँकर. इथून तंबू तासाभराच्या वाटेवर. पाणी भरून घ्यायचं, दहा मिनिटं उभं राहायचं, निघायचं.

"बसायचं नाही," उस्ताद ओरडले. "आणि गाडीच्या सावलीला तर मुळीच नाही. गाडीजवळ झोपलेला माणूस ड्रायव्हरला दिसत नाही. कानाला खडा लावा."

कानाला खडा लावायला कान जागेवर असावे लागतात. सगळे माना हलवत होते. त्या माना कशावरही हलल्या असत्या.

टँकरचा नळ मागच्या बाजूला. एकेक जण जाऊन बाटली भरून येत होता आणि पाठीला पाठ लावून उभा राहत होता. शेपूट भरून आला. पाणी प्यायला की नाही ते त्याला आठवत नव्हतं, पण हनुवटी ओली होती. मग शिट्टी झाली. त्याने बॅग खांद्यावर घेतली, पट्टा नीट केला, आणि मोजायला निघाला.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात.

"सात, उस्ताद!"

"शाब्बास. चला. एकच तास. मग मेलात तरी चालेल."

चालू लागले. समोर पांढरी पट्टी होती. सरळ होती. नीट केली वाटतं, असं त्याच्या मनात आलं. एवढंच आलं. पुढे काही आलं नाही. मावशी डाव्या हाताला मशीन मारत होती.

दोनला वीस मिनिटं कमी असताना ते तंबूपाशी पोचले. कोणी ओरडलं नाही, कोणी टोपी उडवली नाही. पैलवान खाली बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला आणि सोडतच राहिला, तीच गाठ, कितीतरी वेळ. उस्तादांनी वहीत वेळ लिहिली, पुढे "आठ हजर" लिहिलं, सही केली. मग ओरडले, "डॉक्टर मॅडमचा कागद झाल्याशिवाय कोणी पाठ टेकायची नाही! शेवटचा कागद. मग चहा, मग झोपा, मग उठू नका."

तंबूत टेबल मांडलेलं होतं. एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला नुकत्याच टोक केलेल्या पेन्सिली. शेपटाने कागद घेतला, पेन्सिल घेतली, कडेच्या बाकावर बसला. अक्षरं खोडली. बेरजा केल्या, पाऊण तास लागला. आकडे आता पळतही नव्हते, निपचित पडले होते. खाली प्रश्न होता. तुमच्या तुकडीत आत्ता किती जण आहेत? आठ.

कागद द्यायला उठला तेव्हा टेबलावर एक पेन्सिल होती.

छान टोक होतं तिला. कोणी हात लावला नव्हता. शेजारी एक कोरा कागद. तो बघत राहिला. पेन्सिल बघायला बरं वाटत होतं, ती हलत नव्हती.

"काय रे?" मॅडम म्हणाल्या.

"एक उरलीय."

"गेलं असेल कोणीतरी संडासला."

"हो," तो म्हणाला, आणि परत बाकावर येऊन बसला. ते बरोबर होतं. गेलं असेल कोणीतरी. कोण? त्याने बाकावरच्या माणसांकडे पाहिलं. सगळे तोंडं उघडी टाकून बसले होते. पैलवान. वकील. बाकीचे चौघं. कंडक्टर नव्हता. म्हणजे कंडक्टर संडासला गेला. कारण त्याला मोजला होता, तळावर. हात ठेवला होता. हाताला पट्टा लागला होता. आणि टिंग टिंग ऐकलं होतं.

ऐकलं होतं ना?

त्याला ते स्पष्ट ऐकू येत होतं. टिंग टिंग. पण मावशीही स्पष्टच दिसत होती. मशीनचा आवाजसुद्धा येत होता.

त्याने हळूच आपला उजवा हात उचलला आणि स्वतःच्या डाव्या खांद्यावर ठेवला. पट्टा होता तिथे. पट्ट्याला सुतळीचा टाका होता, त्यानेच घातलेला, सोमवारी. बोटाखाली तो टाका आला आणि बोटाला तो ओळखीचा वाटला. डोक्याआधी बोटाला कळलं. तळावर एक म्हणताना बोटाखाली हाच टाका होता.

उशीला काय थोपटतेस, आई म्हणाली होती.

आत काही धस्स झालं नाही. पायाखालची जमीनही जागेवरच होती. नुसतं कळलं, दुकानावरची पाटी वाचावी तसं. मग त्याच पाटीवर दुसरी ओळ आली : सांगितलं तर सगळे नापास. चार महिने. सुट्टी नाही. आणि तिसरी ओळ : हेही खोटं असेल. मावशीसारखं. तू उठून बोंब मारशील आणि कंडक्टर हात पुसत तंबूत येईल, आणि सगळे हसतील.

तो तिथे किती वेळ बसला ते त्याला पुढे कधी नक्की सांगता आलं नाही. मॅडमनी नंतर सांगितलं, तीन-चार मिनिटं असेल. त्याला ते खूप आणि काहीच नाही असं दोन्ही वाटलं. समोर वकिलाची मान छातीवर पडली, पुन्हा वर आली. पुन्हा पडली.

तीनला टँकर जातो. हे कोण म्हणालं होतं? तळावर ड्रायव्हर म्हणाला होता, लवकर भरा रे, तीनला मला जायचंय. तंबूच्या खांबावर घड्याळ होतं. अडीच वाजून गेले होते.

तो उठला आणि उस्तादांपुढे जाऊन उभा राहिला.

"उस्ताद, मी मला मोजलं."

"काय?"

"तळावर. मोजताना. मी मला मोजलं."

उस्तादांना क्षणभर वाटलं पोरगं बरळतंय. चौथ्या दिवशी पोरं काय काय येऊन सांगतात. मागच्या बॅचला एकाने बुटांची माफी मागितली होती. पण त्यांनी बाकाकडे पाहिलं, बोट न उचलता, नुसत्या डोळ्यांनी मोजलं, आणि पुन्हा मोजलं.

"कोण नाहीये?"

"कंडक्टर. तो टँकरपाशी आहे. टँकरखाली असेल. सावली होती."

"असेल म्हणजे? पाहिलंस?"

"नाही. पट्टी सरळ झाली होती."

उस्तादांना पट्टीचं काही कळलं नाही. त्यांनी वायरलेस उचलला. तळावर कोणी घेईना. पुन्हा लावला. खरखर. "जेवायला गेलेत साले," म्हणाले, आणि मॅडमच्या जीपकडे धावले. शेपूटही मागे चढला. कोणी त्याला ये म्हटलं नाही, उतरही म्हटलं नाही. मागे चढणं ही त्याची सवयच होती.

जीपने वीस मिनिटं घेतली. रस्ता खराब होता. वाटेत उस्ताद सारखे घड्याळ बघत होते आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते, शिव्या किंवा प्रार्थना, त्यांचं दोन्ही एकाच आवाजात चालायचं. शेपूट बाहेर बघत होता. त्याला वाटत होतं की आपल्याला आता खूप वाईट वाटायला पाहिजे. तो वाट बघत होता, वाईट वाटायची. जीपच्या हिसक्यांनी डोळे मिटत होते. एकदा तर लागलेच. माणूस गाडीखाली आहे, आणि आपला डोळा लागतोय. हेही त्याने पाटीसारखंच वाचलं.

तळावर पोचले तेव्हा टँकर नव्हता.

टँकर उभा होता तिथे ओल्या मातीचा चौकोन होता, नळ ठिबकून झालेला. दोन्ही बाजूंनी चाकांच्या खुणा निघून रस्त्याकडे गेलेल्या. आणि चौकोनाच्या मधोमध, भर उन्हात, कंडक्टर उताणा पडला होता. हात छातीवर जुळवलेले. एक चाक त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून गेलं होतं. दुसरं त्याच्या बॅगेवरून. बॅग त्याने काढून शेजारी ठेवली होती, निगुतीने, पट्टे आत दुमडून.

उस्ताद गुडघ्यावर बसले. नाकापाशी हात नेला. मग त्याला गदागदा हलवला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कानफटात लावली.

कंडक्टरने डोळे उघडले. उस्तादांकडे पाहिलं. आकाशाकडे पाहिलं. चेहऱ्यावर ऊन आल्याचं त्याला आवडलं नाही.

"सुट्टे द्या," तो म्हणाला.

उस्ताद हसायला लागले. ते हसतायत की काय करतायत हे कळेना, खांदे नुसते हलत होते, तोंडावर हात. शेपटाने बॅग उचलली. जड होती, पण पातळ झाली होती. आतला जेवणाचा डबा सपाट झाला होता, कागदासारखा. त्याने तो बाहेर काढला, उलटा पालटा केला. त्यात त्याला उन्हाचा एक तुकडा दिसला. तो डबा हातात घेऊन मातीत बसला आणि बसल्या जागी झोपला. गाडीजवळ. पण ते सांगायचं भान कोणाला नव्हतं.

टँकरचा ड्रायव्हर संध्याकाळी सापडला. त्याने शपथ घेऊन सांगितलं की निघताना गाडीभोवती चक्कर मारली होती, दांड्याने पत्रा बडवला होता, तीन वेळा, नियमाप्रमाणे. शेडमधल्या दोघांनी तो आवाज ऐकलाही होता. वाकून मात्र त्याने बघितलं नव्हतं. त्याचीही ती सलग दुसरी पाळी होती.

चौकशी शनिवारी झाली. एका खोलीत लांब टेबल, पलीकडे मोठे साहेब. शेपूट चौदा तास झोपून उठला होता तरी डोकं पाण्यात भिजलेल्या पोत्यासारखं होतं.

"किती सांगितलेस तू?"

"सात, साहेब."

"कोणाला धरून?"

"मला धरून."

"तुला शिकवलं होतं ना?"

"वीस वेळा, साहेब."

मग डॉक्टर मॅडमनी सात कागद टेबलावर मांडले, एकाशेजारी एक. प्रत्येकाच्या तळाला तोच प्रश्न आणि सातही कागदांवर तेच उत्तर. आठ. एकाचा आकडा ओळीबाहेर गेला होता, एकाने दोनदा लिहिला होता, पण होता आठच.

"शेजारी माणूस नाही, आणि सातही जणांनी तो आहे असं लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. "यातल्या एकालाच शिक्षा करायची तर कुठल्या हिशोबाने?"

"आणि आठवा मी," उस्ताद उभे राहून म्हणाले. "वहीत मी पण आठच लिहिलं, साहेब. मी रोज चार तास झोपत होतो."

साहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. तुकडी नापास. पुढच्या बॅचबरोबर पुन्हा. सुट्ट्या रद्द. उस्तादांच्या कागदावर शेरा. दुसऱ्या कोणाला काही नाही.

खोलीत आठ खाटा होत्या, आणि त्या दिवशी सहा जण त्याच्याशी बोलले नाहीत. पैलवानाने निदान एकदा पाठीवर हात मारला, जोर जरा जास्त होता. सगळ्यात जास्त चिडला होता तो कंडक्टर. तो खाटेवर बसून सपाट डबा गुडघ्यावर ठेवून दगडाने ठोकत होता, पुन्हा डब्यासारखा करायला.

"गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं?" तो म्हणाला. "मी उठलो असतो ना. आपोआप. ऊन आलं असतं तोंडावर, उठलो असतो, आलो असतो चालत. पास झालो असतो सगळे."

"टँकर गेला होता तुझ्यावरून."

"गेला ना? मग! काय झालं मला?" त्याने डबा उचलून दाखवला. "ह्याला झालं. मला काय झालं?"

कंडक्टर पुन्हा ठोकायला लागला. ठक, ठक. मग थांबला आणि डब्याकडेच बघत म्हणाला, "चाक डोक्यापासून किती लांब होतं, म्हणतात?"

"वीतभर."

"तुझी वीत की माझी?"

"माझी."

त्याने शेपटाच्या हाताकडे पाहिलं. डबा खाटेखाली सारला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. पण झोपला नाही. त्याचा श्वास झोपल्यासारखा नव्हता, चार महिन्यांत शेपटाला प्रत्येकाचा ओळखायला यायला लागला होता.

रविवारी त्याने ताईला फोन केला. सुट्टी नाही म्हणून सांगितलं.

"का रे? नापास झालास?"

"हो."

"झोपलास ना?"

"नाही. मी उशी थोपटली, ताई."

पलीकडून पोरीचा चुटुक चुटुक आवाज येत होता, काहीतरी चोखत असावी.

"आणि पोर कुठे होतं?" ताईने विचारलं.

"गाडीखाली."

"आहे ना?"

"आहे. माझ्यावर चिडलाय."

"चिडू दे," ताई म्हणाली. "चिडलेलं पोर म्हणजे चांगलं असतं. गप्प पडलेलं वाईट."

त्याला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. त्याने फोन कानाला लावून ठेवला आणि तो चुटुक आवाज ऐकत राहिला, ताईच म्हणाली की आता ठेव, बिल कोण भरणार, तोवर.

चार महिन्यांनी, सोमवारी पहाटे, तीच आठ जणांची रांग पुन्हा उभी राहिली. उस्तादही तेच. शेपूट बदलायचं का, असं वकिलाने विचारलं होतं. उस्ताद म्हणाले होते, शेपूट बदलून प्राणी बदलत नाही.

"मोज."

तो कंडक्टरच्या मागे आला. कंडक्टरने मधल्या काळात बोलायला सुरुवात केली होती, जेवताना मीठ दे, दार लाव, एवढं. शेपटाने त्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. पट्टा कोरा होता, नव्या बॅगेचा. पांढरी पट्टी याही वेळी तिरकीच शिवली होती.

"एक," तो म्हणाला.

कंडक्टर गप्प.

शेपटाने हात काढला नाही. पुढेही गेला नाही. रांगेत कोणीतरी खोकलं. उस्तादांनी शिट्टी तोंडाशी नेली. "काय झालं रे मागे? आकडा विसरलास?"

"नाही, उस्ताद."

"मग?"

त्याला ताजी झोप मिळालेली होती, आठ तासांची, हाताखाली माणूस होता, ऊब कळत होती. तरी त्याने हात तिथेच ठेवला. उस्ताद त्याच्याकडे बघत राहिले, आणि त्यांनी शिट्टी खाली घेतली.

कंडक्टरने एक लांब सुस्कारा टाकला.

"टिंग टिंग," तो म्हणाला. अगदी कंटाळून. "आता मर पुढे."

"एक," शेपूट पुन्हा म्हणाला, आणि दुसऱ्याकडे गेला.